पात्याला कुंकू

सुप्रभाची गाडी रुसायची ती फक्त पावसात. आणि कार्डिफमध्ये पाऊस नसलेला दिवस म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. गाडी अडुसष्ट सालची, फिकट निळी, दारांच्या कडांना गंज धरलेली. कोरड्या हवेत शहाण्या मुलीसारखी वागायची. जरा ओल आली की स्टार्टर नुसता कण्हायचा, पुढे काही नाही. सुप्रभाने ती स्वतःच्या पगारातून घेतली होती, म्हणून दुसऱ्या कोणी तिला नावं ठेवलेली तिला खपत नसत. स्वतः मात्र ती रोज सकाळी तिचा उद्धार करायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण सुप्रभा डिस्ट्रिक्ट मिडवाइफ होती. म्हणजे वॉर्डात बसून नव्हे, तर घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी सुईण. शहराच्या उत्तरेला डोंगराच्या अंगाने चढत गेलेली खाणकामगारांची गावं हा तिचा भाग. फोन वाजला की बॅग आणि कळा सोसायच्या गॅसचं सिलिंडर डिकीत टाकायचं आणि सुटायचं. दोनदा ती सुटलीच नाही. दोन्ही वेळा टॅक्सीने गेली, आणि दुसऱ्या वेळी ती जिना चढत असतानाच बाळाने वर टाहो फोडला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण तिच्या वरिष्ठ मिसेस प्रिचर्ड यांनी तिला बोलावून घेतलं.

"टॅक्सीतून येणारी मिडवाइफ मला ड्यूटीच्या रोटावर ठेवता येणार नाही, सुप्रभा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "तुमचं प्रोबेशन ऑक्टोबरअखेर संपतं. आणखी एकदा असं झालं तर तुम्ही परत वॉर्डात."

नवी गाडी का घेत नाही, असं तिला येणारा-जाणारा विचारत होता. गाडीसाठी नोकरीकडून कर्ज मिळणार होतं, पण ते पर्मनंट झाल्यावर. आणि पर्मनंट व्हायचं तर आधी गाडी चालू हवी. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत.

वॉर्डात परत जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा तिचा संसार वीस वर्षं चालला होता. नवरा मोहन सर्जन. इंग्लंडात वर चढू पाहणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरला दर वर्ष-सहा महिन्यांनी नवं हॉस्पिटल. त्याच्या मागोमाग सुप्रभा गावं बदलत गेली. प्रत्येक ठिकाणी ती नर्स म्हणून लागायची, नाव कमवायची आणि नाव झालं रे झालं की राजीनामा द्यायची. मुंबईत दोघं एकाच हॉस्पिटलात होते, प्रेमात पडले तेही रात्रपाळीच्या चहावर. त्यामुळे एरवी ती त्याला 'अरे मोहन' म्हणायची आणि सासूबाई असल्या की 'अहो'. मुलगी उल्का लीड्सला युनिव्हर्सिटीत गेली, आणि त्याच सुमारास, बेचाळिसाव्या वर्षी, सुप्रभाला पहिल्यांदा स्वतःचा भाग मिळाला. स्वतःच्या बाया मिळाल्या. रस्त्यात त्या तिला हाक मारायच्या, पोरं दाखवायच्या.

नेमकं तेव्हाच मोहनला ब्रिस्टलला कन्सल्टंटची जागा मिळाली. सध्या तो रोज पूल ओलांडून जा-ये करत होता आणि रोज संध्याकाळी दमून पुटपुटत होता.

"तू वॉर्डातच परत जाणार असशील तर वॉर्ड ब्रिस्टलमध्येही आहेत," तो म्हणाला. "Be reasonable, सुप्रभा. हे घर विकू, तिकडे घेऊ. एस्टेट एजंटला मी जस्ट विचारून ठेवलंय."

"मी वॉर्डात जाणार नाहीये."

"ते तुझी गाडी ठरवणार ना!"

हे वाक्य तिने गाठीला बांधलं. भांडली नाही. मंगळवारी संध्याकाळी जाऊन कौन्सिलच्या 'बायकांसाठी कार मेंटेनन्स' या वर्गात तिने नाव घातलं.

वर्ग एका शाळेच्या लोहारकामाच्या शेडमध्ये भरायचा. शिकवणारे मिस्टर ग्विन साठीचे, बोलायला फटकळ. त्यांनी तिच्या गाडीचं बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं काळं टोपण काढलं आणि आतले पॉइंट्स दाखवले. दोन चिमुकले धातूचे ओठ. इंजिन फिरेल तसे ते उघडतात, मिटतात, आणि प्रत्येक उघडण्यागणिक एक ठिणगी पडते. तिच्या गाडीचे ओठ जळून खड्डे पडलेले होते. ठिणगी पडायची, पण आजाऱ्यासारखी. त्यात ओल आली की तीही नाही.

"घासा, नवे बसवा, फट नीट ठेवा," ग्विन म्हणाले. "हिवाळा निघेल."

"निघेल की नक्की निघेल?"

"पॉइंट्सच्या बाबतीत नक्की असं काही नसतं, लव्ह."

मग घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळलं. ओठच नकोत. ग्विनच्या टेबलावरच्या मासिकात तिने एका इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटची जाहिरात पाहिली होती. त्यात पॉइंट्स काढून टाकायचे आणि त्या जागी एक सेन्सर बसवायचा. सेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा चिमटा. त्याच्या एका टोकाला डोळ्याला न दिसणारा उजेड, दुसऱ्या टोकाला तो उजेड पाहणारा डोळा, आणि मधून खाचा पाडलेली चकती फिरते. उजेड अडतो, सुटतो, अडतो, सुटतो. त्यावरून इंजिन कुठवर फिरलंय ते त्या डोळ्याला कळतं, आणि तो बरोबर वेळेला ठिणगीचा हुकूम सोडतो. घासायला काही नाही, झिजायला काही नाही.

ग्विनना हे अजिबात पसंत नव्हतं. "पॉइंट्स बिघडले तर नखं घासायच्या कानशीने दुरुस्त होतात. हा डबा बिघडला की बिघडला. मग उतरायचं आणि ढकलायचं."

"ढकलतेय तर मी आत्ताही," सुप्रभा म्हणाली आणि किट मागवलं.

किट आलं ते भलत्याच डिस्ट्रिब्युटरचं. म्हणजे सेन्सर ठीक होता, पण तो धरणारी पट्टी हिच्या गाडीत बसेना. दुसरी एखादी असती तर परत पाठवून मोकळी झाली असती. सुप्रभाने ती पट्टी ग्विनच्या शेडमधल्या लोखंडी शिकंज्यात आवळली आणि कानशीने घासायला बसली. एक मंगळवार गेला, दुसरा गेला. बोटांची सालं निघाली. पट्टी जास्त घासली गेली तेव्हा तिने पत्र्याचा तुकडा कापून नवीन केली. ग्विन तिच्या पाठीशी हात बांधून उभे राहायचे, 'चुकतंय' एवढं म्हणायचे आणि पुढच्या बाईकडे जायचे. ते चुकतंय म्हणाले की ती बरोबर करायची आणि त्यांना दाखवायला जायची नाही. असली खुमखुमी तिच्या अंगात होती.

रविवारी दारासमोर गाडी उभी करून तिने सगळं बसवलं. पहिल्या झटक्याला दोन वायरी उलट लागल्या होत्या म्हणून काहीच झालं नाही. दुसऱ्या झटक्याला टायमिंग चुकलेलं होतं, आणि मागून असा बार निघाला की समोरच्या घरातले पडदे हलले. मोहन दारात आला.

"Are you alright?"

"बाजूला हो, तू उजेड अडवतोयस."

ग्विनकडून आणलेल्या झपझप लुकलुकणाऱ्या दिव्याने तिने पुलीवरची खूण जुळवली, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला, पक्का आवळला आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. नुसती सुरू नाही झाली, एका लयीत गुरगुरत राहिली. वरून पाऊस कोसळत होता. सुप्रभा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली, मग तिला थोडं रडू आलं, मग तिने नाक पुसलं आणि हत्यारं आवरली.

त्यानंतर सप्टेंबरभर ती गाडी एकदाही अडली नाही. मिसेस प्रिचर्डनी रोटावर तिच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह खोडलं नव्हतं, पण गडदही केलं नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी सासूबाई आल्या. साताऱ्याकडच्या, सत्तरीच्या, हाडाने चिवट. सासरे जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्या हळदीकुंकवाच्या करंड्याला बोट लावत नसत. कोणी म्हटलं की आता हे असलं कोण पाळतं, तर त्या नुसत्या विषय बदलायच्या. नर्स सून करायला त्यांचा एके काळी कडवा विरोध होता. आता त्याच सुनेने इंजिनात हात घातल्याचं ऐकून त्या पहिल्याच दिवशी चपला घालून गाडीपाशी गेल्या आणि "उघड बघू" म्हणाल्या.

खंडेनवमी गुरुवारी आली. सुप्रभाला त्या दिवशी सुट्टी होती, शुक्रवारी सकाळपासून ड्यूटी. आईंनी ताट करायला सांगितलं, गार्डन सेंटरमधून झेंडू आणवले, आणि घरातली हत्यारं पाटावर मांडून घेतली. मोहनची जुनी कात्री, सुप्रभाची बाळाचे ठोके ऐकायची नळी, तिचे पाने, स्क्रूड्रायव्हर, कानस. सगळ्यांना गंध-फूल झालं. मग मोर्चा गाडीकडे वळला.

सुप्रभा बॉनेटवर स्वस्तिक काढायला लागली, तशा आई हातभर अंतरावरून म्हणाल्या, "अगं, तलवारीची पूजा करतात तेव्हा कुंकू पात्याला लावतात, म्यानाला नाही. तू काय बसवलंयस ते कुठाय?"

सुप्रभाला हे ऐकून इतकं बरं वाटलं की तिची बुद्धीच चळली. इतक्या दिवसांत त्या सेन्सरला कोणी 'ते कुठाय' म्हणून विचारलं नव्हतं. तिने टोपण काढलं, त्याखालचा फिरता रोटर काढला, आणि आत तो पेराएवढा चिमटा दाखवला.

"हाच?"

"हाच, आई. यानेच चालते."

"मग यालाच लाव."

जिने आयुष्यभर हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय कशाला शिवलं नाही, त्या सुईणीने पाण्यात कालवलेलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि भक्तिभावाने त्या चिमट्याच्या ऐन मध्यावर टेकवलं. वर टोपण लावून टाकलं. पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, म्हणून गाडी सुरूही करून पाहिली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शुक्रवारी, ऐन दसऱ्याच्या दिवशी, उजाडता उजाडता फोन आला. डोंगरावरच्या गावातली शॅरन. दुसरी खेप, कळा लागोपाठ. सुप्रभाने कोट चढवला, बॅग टाकली, किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

मोहन ब्रिस्टलला निघायला सूट घालून बाहेर आलाच होता. त्याच्या गाडीचं तोंड पूर्वेला, शॅरनचं गाव उत्तरेला, आणि त्याचं ऑपरेशन सकाळी पहिलंच. तो वाईट माणूस नव्हता. घड्याळाकडे बघून तो खरंच हळहळला.

"सुप्रभा, फोन कर. दुसरी कोणीतरी जाईल. You tried."

"प्रयत्न केला" हे ज्या स्वरात बोलतात ना, त्या स्वराचा तिला मनस्वी संताप आला. दुसरी कोणी जाणं म्हणजे प्रोबेशन संपलं, घर विकलं, ब्रिस्टलचा वॉर्ड. तिने उतरून बॉनेट वर केलं. प्लगची वायर काढून इंजिनच्या धातूपाशी टेकवली आणि मोहनवर ओरडली, "आत बस आणि किल्ली फिरव!" सर्जनसाहेब मुकाट्याने बसले. त्यांनी किल्ली फिरवली. ठिणगी नाही.

पेट्रोल आहे, बॅटरी आहे, ठिणगी नाही. म्हणजे सेन्सरच्या डोळ्याला दिसत नाही. तिने टोपण उपसलं आणि पाहिलं. चिमट्याच्या दोन्ही टोकांवर काल लावलेलं कुंकू वाळून लाल पापुद्र्यासारखं बसलं होतं. उजेडही बंद, डोळाही बंद.

तिला आधी हसूच आलं. मग तिने बॅगेतून स्पिरिट आणि कापूस काढला, कापूस भिजवला, हात आत घातला, आणि हात थांबला.

मोहन गाडीतून उतरून समोर उभा होता. आणि तिला ते कुंकू पुसायचं होतं.

आपण असलं काही मानतो हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने शेकडो बाळंतपणं केली होती, अमावास्या पाहिली नव्हती की ग्रहण. पण 'कुंकू पुसणं' हे शब्दसुद्धा घरात उच्चारायचे नाहीत, हे लहानपणी आईच्या कडेवर असल्यापासून कानात बसलेलं होतं. कपाळावरचं विस्कटलं तर सारखं करायचं, बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणायचं. आणि इथे दसऱ्याच्या सकाळी, सवाष्णीने, नवऱ्यादेखत, स्वतःच्या हाताने. कापसातून स्पिरिट बोटांवर ठिबकत होतं. डोंगरावर शॅरन कळा देत होती. आणि हात पुढे जात नव्हता.

"What's wrong?" मोहन म्हणाला. "काय झालं?"

आई शाल घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कापसाकडे पाहिलं, उघड्या टोपणाकडे पाहिलं. त्यांना समजवायला लागलं नाही.

"त्यानं अडलंय?" त्यांनी विचारलं.

"हो आई. ते उजेडाच्या आड येतंय. पण..."

"आण इकडे."

"आई, तुम्ही नको. तुम्ही त्याला..."

"मी काय? अगं, तुझे सासरे आधी गेले, माझं कुंकू मागाहून गेलं. त्यानं कोणी राहत नाही आणि त्यानं कोणी जात नाही. मी पाहिलंय." त्यांनी तिच्या हातातून कापूस काढून घेतला. "कुठं पुसायचं ते दाखव. लवकर. ती बाई खोळंबलीय."

सुप्रभाने बोट दाखवलं. आईंनी आठ वर्षांनी कुंकवाला हात लावला. आधी एक टोक पुसलं, मग दुसरं, मग मधली फट, भांड्याचा तळ घासावा तशा नेटाने. कापूस लालभडक झाला. मोहन छत्री उघडून इंजिनावर धरून उभा राहिला. त्याला एव्हाना सगळं कळलं होतं.

सुप्रभाने रोटर बसवला, टोपण दाबलं, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात पेटली. 'येते' म्हणायलासुद्धा ती थांबली नाही.

शॅरनच्या घरी ती पोचली तेव्हा बाळाचं डोकं दिसू लागलं होतं आणि नवऱ्याने टॉवेलांचा ढीग घालून ठेवला होता. हात धुऊन ती गुडघ्यांवर बसली. मुलगी झाली, लाल, रागीट, आठ पौंडांच्या वर. तिथल्याच फोनवरून तिने मिसेस प्रिचर्डना कळवलं. त्या "वेळेत?" म्हणाल्या, ती "वेळेत" म्हणाली. पलीकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला, आणि मग त्या म्हणाल्या की सोमवारी येऊन पर्मनंटच्या कागदांवर सही करून जा, ऑक्टोबर संपायची वाट कशाला पाहायची.

दुपारी ती घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरात होत्या. तिच्याच बॅगेतल्या गॉझमध्ये त्यांनी श्रीखंडासाठी दही टांगलं होतं. मोहनचा ब्रिस्टलहून फोन येऊन गेला होता. सुप्रभा पोचली का, एवढं विचारून त्याने एजंटला 'सध्या नको' कळवल्याचं आईंना सांगितलं होतं. आईंनी ते पुऱ्यांचं पीठ मळता मळता तिला सांगितलं, जणू दुधवाला येऊन गेला.

सुप्रभा खुर्चीत बसली. पाय भरून आले होते.

"आई, पुसताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. समोर कोण उभा होता? माझ्याच पोटचा ना! पुसताना देवाचं नाव पुटपुटत होते मी. तुला ऐकू आलं नसेल, तुझं लक्ष आत होतं."

"मग का पुसलंत?"

आईंनी पिठाचा गोळा बाजूला ठेवला.

"पुसलं नसतं तर त्याला काही झालं नसतं. धडधाकट राहिला असता. तुम्ही ब्रिस्टलला गेला असतात, आणि रोज त्याला वाढताना तू त्याच्याकडे एका तऱ्हेनं बघितलं असतंस. मला ते बघणं माहितेय. मला शाळेत मास्तरीण म्हणून घेत होते, ह्यांनी जाऊ दिलं नाही. तीस वर्षं मी ह्यांच्याकडे तसंच बघत होते. ते गेले तेव्हा चार बायकांनी धरून माझं कुंकू पुसलं, आणि मला रडूच येईना."

त्यांनी गोळा पुन्हा ओढला आणि पुऱ्या लाटायला घेतल्या.